बारीक होणे आणि खंगणे

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास सांगोला हे नाव परिचित आहे, ते १७५० सालच्या करारामुळे. छत्रपती रामराजे व पेशवे यांच्यामध्ये तेथे जो करार झाला, त्यामुळे राज्यकारभाराची सूत्रे साताऱ्याच्या गादीकडून पुण्याकडे गेली, एवढे आपण सर्वच जण शाळेत शिकलेले असतो. परंतु या गावाचा व त्याच्या सभोवारच्या माणदेशाचा दुसराही एक इतिहास आहे. तो बखरींत सापडत नाही. तो पावसाचा, पेवांतील धान्याचा आणि माणसाच्या अंगावरील मांसाचा इतिहास आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या या प्रदेशात, माण नदीच्या दोहों तीरांस, पिढ्यान् पिढ्या माणसे अपुऱ्या अन्नावर जगत आली. आणि अपुरे अन्न खाल्ल्याने शरीराचे नेमके काय जाते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नीट मांडण्यापूर्वीच येथील खडीच्या ढिगांवर आणि तलावांच्या बांधांवर उभा राहिला होता.

हा विषय आजच काढण्याचे कारण असे की, मध्यम स्थितीतील आपल्या कुटुंबांत सांप्रत वजन कमी करण्याची चर्चा जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोहोचली आहे. कोणी रात्रीचे जेवण सोडतो, कोणी आठवड्यातून दोन दिवस उपवास धरतो, कोणी नुसत्या फळांवर राहतो, आणि आठ दिवसांनी काट्यावर उभा राहून चार किलो गेले म्हणून समाधान मानतो. चार किलो गेले हे खरे. पण ते कशाचे गेले, हे काटा सांगत नाही. ज्यांनी हा प्रश्न पूर्वी विचारला नाही, त्यांच्या हातून काय घडले, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखलेला दिसतो. एखाद्याचे अंग ‘सुटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कौतुक नसते. अंग ‘भरले’ असे म्हणतो, तेव्हा असते. तसाच उलट बाजूचा भेद आहे. माणूस ‘बारीक झाला’ म्हणजे त्याचे काही बिघडले असे नव्हे. पण तो ‘खंगला’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात चिंता उत्पन्न होते. पहिल्या शब्दात मेद जातो, दुसऱ्यात मांस जाते. वजनाच्या काट्यास मात्र हे दोन्ही शब्द सारखेच.

शरीराचा जमाखर्च थोडक्यात असा आहे. मेद म्हणजे घरातील पेव. सुगीत भरावे आणि टंचाईत उपसावे, याचसाठी ते असते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडासा साठा असतो. तो म्हणजे चुलीपाशी ठेवलेली दिवसा-दोन दिवसांची शिधासामग्री. हा साठा संपताना त्याच्याबरोबर पुष्कळसे पाणीही निघून जाते, आणि उपवासाच्या पहिल्या दिवसांत वजन भरभर उतरते, त्याचे मोठे कारण हे पाणीच होय. प्रथिनांचे मात्र पेव नाही. शरीरातील प्रत्येक प्रथिन कोठे ना कोठे कामास लागलेले असते. दंडाच्या स्नायूत, हृदयाच्या भिंतीत, रक्तात, पाचक रसांत. ते घराच्या तुळया आणि वासे आहेत. बाहेरून अन्न येईनासे झाले म्हणजे मेंदूला लागणारी साखर तयार करण्यासाठी शरीर स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. काही दिवसांनी ते मेदापासून निघणाऱ्या इंधनावर मेंदूची बरीचशी गरज भागवण्यास शिकते आणि मोडतोड मंदावते; परंतु ती थांबत मात्र नाही. सरपण संपले म्हणून घराचे वासे चुलीत घालावे, तशातला हा प्रकार आहे. घर काही काळ उबदार राहते, एवढेच.

या गोष्टीचे मोजमाप करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात युरोपात निघाली. प्रथिनांत नत्र असते, मेदात व पिष्टात ते नसते. तेव्हा लघवीवाटे किती नत्र बाहेर पडले हे मोजले की, शरीरातील किती प्रथिन खर्ची पडले याचा अंदाज येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४२ साली असे प्रतिपादन केले होते की, स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःच झिजतो आणि ती झीज प्रथिनाने भरून काढावी लागते. १८६५ साली फिक व विस्लिसेनस या दोघा शास्त्रज्ञांनी प्रथिनरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडातील फाउलहॉर्न हा डोंगर चढला, नत्र मोजले, आणि चढण्याच्या श्रमाला पुरेल इतके प्रथिन मुळीच जळाले नाही, असे दाखवले. म्हणजे श्रमाचे नेहमीचे इंधन प्रथिन नव्हे, हे ठरले. पण श्रमास प्रथिन लागत नाही म्हणून माणसासही ते लागत नाही, असे त्यावरून निघत नाही. म्यूनिकच्या फोइट याने काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिन असावे असा दंडक घातला. आजच्या शास्त्रास हा आकडा फार मोठा वाटतो. परंतु इंधन वेगळे आणि बांधकामाचे साहित्य वेगळे, हा भेद तेव्हापासून पक्का झाला.

शास्त्र येथवर आले असतानाच १८७६ साली दख्खनेत पाऊस पडला नाही. मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांस या दुष्काळाची सर्वांत कडक झळ लागली त्यांत सोलापूर जिल्हा होता, आणि सोलापुरातही सांगोल्याचा पश्चिमेकडील टापू मूळचाच कोरडा. सरकारने कामे काढली. लोक खडी फोडू लागले, माती वाहू लागले. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव त्याच दुष्काळी कामांतून उभा राहू लागला, आणि माणदेशाच्या ज्या भागास त्याचे पाणी मिळाले त्यात सांगोल्याकडील गावेही आहेत. हे पाणी ज्यांच्या डोक्यावरील पाट्यांनी अडवले, त्यांना दिवसाकाठी खावयास काय मिळत होते, हा खरा प्रश्न आहे.

१८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळाच्या पाहणीवर पाठवले. हाच टेंपल १८७४ साली बंगाल-बिहारच्या दुष्काळात मुक्तहस्ताने धान्य आणून माणसे वाचवल्याबद्दल उधळ्या ठरला होता. या खेपेस काटकसर दाखवावयाची, असे त्याच्यावर दडपण होते. त्याने दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा येथवर खाली आणली. बायका व मुले यांस त्याहून कमी. इतिहासात हिला ‘टेंपल मजुरी’ असे नाव पडले. मद्रास इलाख्याचा आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश याने तिला कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, कष्ट करणाऱ्या माणसाला निदान दीड पौंड धान्य हवे, आणि नुसते धान्यही पुरे नाही; त्याबरोबर डाळ हवी, भाजीपाला हवा. एक पौंड धान्यावर माणूस काही आठवडे उभा राहील, पण ते आपल्या अंगावरचे मांस खाऊन. या विरोधामुळे मद्रासेत त्याच वर्षाच्या मार्चात माप थोडे वाढले. सव्वा पौंड धान्य आणि दीड औंस डाळ. डाळीच्या त्या दीड औंसात एका वैद्याची सारी झुंज साठवलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या इलाख्यात विरोध निराळ्या रीतीने झाला. मजुरी उतरली तेव्हा हजारो लोकांनी कामे सोडून दिली. पोट भरण्याचे दुसरे साधन नसलेली माणसे पोटासाठी मिळणारे काम नाकारतात, यातच त्या मापाचा न्यायनिवाडा झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे वारंवार लिहिले. जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीस दुष्काळपीडित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. इतके करूनही १८७६–७८ च्या त्या दुष्काळात एकट्या ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. आणि टेंपलसाहेब १८७७ सालीच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आता आपण त्या एक पौंडाचा हिशेब मांडून पाहू. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तेवढ्या ज्वारीतून सुमारे १५०० ते १६०० उष्मांक आणि सुमारे ४५ ग्रॅम प्रथिन मिळते. अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषास तीन हजारांहून अधिक उष्मांक लागतात. वरचा आणा होता, हे खरे. पण महागाईच्या त्या वर्षात त्याच आण्यातून मीठ, मिरची, सरपण आणायचे, आणि घरी बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडी घासही त्यातूनच घालायचा. शिवाय ज्वारीचे प्रथिन एकटे असता लंगडे असते. शरीरास बाहेरूनच घ्यावे लागते असे लायसीन नावाचे द्रव्य तिच्यात कमी आहे. डाळीत ते भरपूर आहे. आणि डाळीत जे उणे असते, ते ज्वारीत असते. भाकरीबरोबर वरण-उसळ खाण्याची चाल आपल्या बायकांनी रसायनशास्त्र शिकून पाडली नाही. पण तिच्यात जी शहाणीव आहे, ती टेंपलच्या मापात नव्हती.

या मापाची खरी परीक्षा अडुसष्ट वर्षांनी, निराळ्याच भूमीवर झाली. दुसरे महायुद्ध संपत आले असता, उपासमार झालेल्या युरोपास कसे जगवावे हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज याने छत्तीस निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण सद्सद्विवेकास अनुसरून युद्धास नकार देणारे असून आपखुशीने प्रयोगास तयार झालेले होते. १९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांना बटाटे, सलगम, पाव असा आहार देण्यात आला. त्यातून सरासरीने सुमारे १५७० उष्मांक आणि पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळे. आठवड्याला बावीस मैल चालणे सक्तीचे होते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, हे माप टेंपलच्या एक पौंडाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. फरक एवढाच की, मिनेसोटाचे तरुण धडधाकट शरीराने प्रयोगात शिरले, त्यांना डोक्यावर ऊन नव्हते, माती वाहावयाची नव्हती, आणि दाराशी वैद्य होते.

परिणाम काय झाला? प्रत्येकाचे वजन सरासरीने चतुर्थांश उतरले. परंतु त्या उतरलेल्या वजनात निम्म्याहून अधिक भाग मेदाचा नव्हता. जिना चढताना त्यांचे पाय भरून येत, हृदयाचे ठोके मंदावले, मन चिडखोर व उदास झाले, रात्रंदिवस अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर जे घडले, ते तर अधिकच बोलके आहे. मेद आधी परत आला आणि मांस मागाहून, सावकाश. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. अविचाराने केलेल्या उपासात माणूस मेद आणि मांस दोन्ही गमावतो. व्रत सुटल्यावर मेद तेवढा लगबगीने परततो. असे दोन-चार वेळा केले की काट्यावरचा आकडा पूर्वीचाच, पण त्याच्या आतला माणूस बदललेला, अशी स्थिती येते.

तर मग प्रथिन भरपूर खाल्ले की झाले, असा निष्कर्ष कोणी काढील. त्याचे उत्तर माणदेशाच्या शेजारच्याच एका सुपुत्राने दिले आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगाच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे अनेक वर्षे संचालक होते. गरीब देशांतील लोकांच्या आहारात प्रथिनांची मोठी तूट आहे, असा जगभर गाजावाजा चालू असता त्यांनी आकड्यांनिशी असे मांडले की, ही तूट पुष्कळ अंशी प्रथिनांची नसून एकंदर अन्नाची आहे. पोटास पुरेसे इंधन मिळाले नाही, तर खाल्लेले प्रथिनही बांधकामास न जाता चुलीतच जाते. आमचा तुळयांचा दाखला पुढे चालवायचा, तर नवे वासे विकत आणून तेही सरपण म्हणून जाळावे, असा हा व्यवहार. तेव्हा मांस राखावयाचे असेल, तर पहिली अट अशी की अन्नाची काटछाट बेताची असावी.

या अटीकडे डोळेझाक केल्याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेतच घडले. स्थूल माणसास मोजके पण उत्तम प्रथिन देऊन वैद्यांच्या देखरेखीखाली उपवास घडवावा आणि मांस वाचवून मेद उतरवावा, असे प्रयोग १९७० नंतरच्या दशकात बॉस्टन येथे झाले. त्यांचा सुगावा लागताच बाजाराने कातडी व हाडे यांपासून काढलेल्या निकृष्ट प्रथिनाचे पातळ पेय बाटल्यांत भरले. लोक दिवसाला तीन-चारशे उष्मांकांवर, कोणाच्या देखरेखीवाचून, महिनोन् महिने राहिले. १९७७–७८ मध्ये सुमारे साठ मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील पुष्कळ हृदयाचा ताल अकस्मात बिघडून झाले. हृदय हाही एक स्नायूच आहे, ही गोष्ट बारीक होण्याच्या भरात विसरली गेली. टेंपलच्या मजुरीस तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

त्याच सुमारास आपल्याकडे प्रश्न विचारण्याची रीत पालटत होती. १९७२ च्या दुष्काळात सांगोल्यासह साऱ्या सोलापूर जिल्ह्यावर पुन्हा तीच पाळी आली. लोक पुन्हा खडी फोडू लागले. परदेशी तांबडी मिलो ज्वारी रेशनावर आली, आणि सुकडी नावाचा गोडसर पौष्टिक खाऊ वाटला गेला, ज्याची चव त्या पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल थोडे झाले नाहीत. पण १८७७ सारखा संहार झाला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीस १९७७ साली कायद्याचे रूप आले. किती थोडक्यात माणूस जिवंत राहील, असा प्रश्न टेंपलने केला होता; माणूस उभा राहावयाचा तर त्याच्या हाताला काय मिळाले पाहिजे, असा प्रश्न या कायद्याने केला.

वजन उतरवू पाहणाऱ्या घरगुती माणसासही याच दोन प्रश्नांतून एक निवडावा लागतो. ‘किती कमी खाल्ले तर चालेल?’ असे विचारणारा आपल्याच शरीरावर टेंपल बनून बसतो. ‘काय गमवायचे नाही?’ असे विचारणाऱ्यास मार्ग सापडतो. या मार्गास तीन पाय आहेत. पहिला, काटछाट बेताची. आठवड्यास अर्धा किलोच्या आसपास उतरेल एवढीच. दुसरा, प्रथिनाचा वाटा वाढता. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढास नेहमीच्या दिवसांत वजनाच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. अन्न कमी करण्याच्या काळात मात्र १.२ ते १.६ ग्रॅम असावे, असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. तिसरा, स्नायूंना वजन उचलण्याचे काम. ज्या स्नायूस काम आहे त्याला शरीर सहजी मोडीत काढत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात चाळीस तरुणांचे अन्न गरजेहून चाळीस टक्के कमी केले आणि त्यांच्याकडून चार आठवडे कसून व्यायाम करवला. ज्यांना दर किलोस १.२ ग्रॅम प्रथिन दिले, त्यांचे मांस टिकले, ज्यांना २.४ ग्रॅम दिले, त्यांचे एक किलोहून थोडे अधिक वाढले, आणि मेदही जास्त गेला. दुष्काळी कामावरील मजुरास श्रम होते, पण अन्न नव्हते. म्हणून त्याच्या श्रमाने त्याचे मांस राखले नाही. तीन पायांपैकी एकही तुटला तर तिवई उभी राहत नाही.

हा विषय इतर देशांतील लोकांपेक्षा आपणांस अधिक जिव्हाळ्याचा असण्यास आणखी एक कारण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात मुलांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. आपली मुले लहान. परंतु त्यांच्यात उणे होते ते मुख्यतः मांस, मेद त्या मानाने राखलेला. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्याच्या मर्यादेचा याहून सुबक पुरावा मिळणे कठीण. आपल्याकडील मधुमेहाच्या प्रसाराशी या ‘बारीक पण मेदयुक्त’ ठेवणीचा निकट संबंध आहे, आणि तिच्या मुळाशी पिढ्यान् पिढ्यांची उपासमार असावी, असे या अभ्यासकांचे मत आहे. मुळातच ज्यांच्या गाठीस मांसाची पुंजी थोडी, त्यांनी ती उधळणे म्हणजे दरिद्र्याने भांडवल खाण्यासारखे होय.

यासाठी परदेशी डबे आणावयास नको. माणदेशाच्या घरातच काय आहे ते पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, साठ ग्रॅम तूरडाळीचे वरण, साठ ग्रॅम मटकीची किंवा हुलग्याची उसळ, मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्यांची चटणी, दिवसभरात मिळून अर्धा लिटर गाईचे दूध वा त्याचे दही, आणि चालत असल्यास दोन अंडी. यातून सुमारे ७३ ग्रॅम प्रथिन मिळते, आणि भाजी व थोडे तेल धरून उष्मांक साडेपंधराशे-सोळाशेच्या घरात जातात. साठ किलो वजनाच्या माणसास हे १.२ ग्रॅमचे माप झाले. म्हणजे उष्मांक टेंपलच्या एक पौंडाएवढेच. परंतु प्रथिन त्याच्या दीडपटीहून अधिक, आणि तेही ज्वारी, डाळ व दूध यांनी एकमेकांची उणीव भरून काढलेले. खडी फोडणाऱ्यास हेही अन्न अपुरे पडले असते. पण दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीवर घालवणाऱ्या माणसाचे वजन यावर हळूहळू उतरेल आणि मांस टिकेल. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र प्रथिन वाढवण्यापूर्वी आपल्या वैद्यास विचारले पाहिजे. वृद्धांनी तर वजन उतरवण्याची घाई मुळीच करू नये, कारण त्या वयात गेलेले मांस परत आणणे फार दुष्कर, आणि मांसाबरोबर तोलही जातो. एका पडण्याने अंथरूण धरलेली माणसे कोणत्या घरात नाहीत?

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आता आपल्या शहरांतही मिळू लागली आहेत. ती भूक मारतात, आणि वजन खरोखर उतरते. पण भूक मेली म्हणून शरीराचा जमाखर्च बदलत नाही. त्यांनी उतरलेल्या वजनातही मेदाखेरीज इतर भाग थोडा नसतो, आणि म्हणून ती देणारे सुज्ञ वैद्य प्रथिन व व्यायाम यांची आठवण आग्रहाने करून देतात. औषध नवे असले, तरी प्रश्न कॉर्निशचाच आहे.

आज सांगोल्याची ओळख डाळिंबाच्या बागांनी होते, आणि तेथील मुलांना टेंपल कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ज्या ज्ञानाच्या बळावर आपण आपल्या पानातील भाकरी आणि वरण यांचा हिशेब मांडतो, ते फुकट आलेले नाही. त्यातील काही म्यूनिक आणि मिनेसोटाहून आले. काही, ज्यांची नावे कोणत्याही कागदात उतरली नाहीत अशा माणसांच्या झडलेल्या दंडांवरून वाचले गेले. त्यांना निवड नव्हती, आपणांस आहे. दारी धान्य असताना, आपण होऊन, केवळ काट्यावरील आकड्याच्या लोभाने एक पौंडाची मजुरी स्वतःस लावून घेणे, हे शहाणपणाचे तर नव्हेच. त्या माणसांच्या आठवणीशी ते शोभणारेही नव्हे. बारीक व्हावयाचे असेल त्याने खुशाल व्हावे. खंगू मात्र नये.